भौतिक बिटकॉइन

बिटकॉइन या कूटचलनाची गुप्त किल्ली ज्या वस्तूच्या आत दडवलेली किंवा जिच्यावर छापलेली असते, अशा नाण्याला, धातूच्या पट्टीला, कार्डाला किंवा कागदाला भौतिक बिटकॉइन असे म्हणतात. अमेरिकेतील माइक कॅल्डवेल यांनी २०११ ते २०१३ या काळात तयार केलेली 'कॅसेशियस' नाणी हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार होय. किल्ली साध्या कागदावर छापलेली असेल तर त्या कागदाला पेपर वॉलेट ही संज्ञा आहे. भौतिक नाणी आज प्रामुख्याने संग्राहकांच्या आवडीचा विषय झाली आहेत. पेपर वॉलेटचा वापर मात्र मागे पडला असून त्याची कारणे या लेखात पुढे दिली आहेत.

संकल्पना

बिटकॉइन ही मुळात वस्तू नव्हे. ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झालेल्या एका सार्वजनिक खातेवहीतील, म्हणजे ब्लॉकचेनमधील, ती नोंद असते. कोणत्या पत्त्यावर किती रक्कम जमा आहे हे या वहीत कोणालाही वाचता येते. परंतु ती रक्कम दुसरीकडे वळवण्यासाठी त्या पत्त्याची गुप्त किल्ली लागते. ही किल्ली म्हणजे २५६ बिटांची एक संख्या. दशमान पद्धतीत ती लिहिली तर ७८ अंकांपर्यंत जाते. किल्लीवरून पत्ता गणिताने काढता येतो, पत्त्यावरून किल्ली काढता येत नाही. नाव, सही, पासबुक, ओळखपत्र यांपैकी कशाचीही येथे गरज नसते. ज्याला किल्ली ठाऊक, त्याच्या हाती रक्कम.

त्यामुळे 'या नाण्यात एक बिटकॉइन आहे' ही केवळ बोलण्याची रीत ठरते. रक्कम खातेवहीतच राहते. नाण्यात असते ती किल्ली. नाणे वितळले किंवा समुद्रात पडले तरी रक्कम वहीत जशीच्या तशी दिसत राहते, फक्त ती कोणालाच काढता येत नाही. याउलट किल्लीची एखादी नक्कल दुसऱ्या कोणाजवळ असेल, तर नाणे तिजोरीत शाबूत असतानाही रिकामे होऊ शकते. सोन्याच्या नाण्याच्या मालकाला ही दुसरी भीती कधीच नसते. भौतिक बिटकॉइनच्या घडणीतील सर्व युक्त्या आणि त्यांच्या संग्रहातील सर्व वाद अखेर एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात: ही किल्ली आजवर कोणी पाहिली आहे?

आरंभ

या कल्पनेचे पहिले विक्रीयोग्य रूप २०११ साली 'बिटबिल' या नावाने आले. ती बँकेच्या कार्डाच्या आकाराची प्लास्टिकची कार्डे होती. किल्ली कार्डाच्या आत बंद केलेली असे आणि ती वाचण्यासाठी कार्ड फोडावे लागे. हा उपक्रम फार काळ टिकला नाही, परंतु वस्तू फोडल्याशिवाय किल्ली दिसू नये, हे जे तत्त्व त्यात होते तेच पुढील सर्वांनी उचलले.

कॅसेशियस नाणी

यूटा राज्यातील सँडी येथे राहणारे कॅल्डवेल हे संगणक क्षेत्रातील होते. बिटकॉइन म्हणजे काय हे लोकांना समजावून सांगताना हातात धरून दाखवण्याजोगे काही असावे, या विचारातून त्यांनी सप्टेंबर २०११ मध्ये पितळी नाण्यांची विक्री सुरू केली. 'कॅसेशियस' हे त्यांचे इंटरनेटवरील टोपणनाव. 'कॉल अ स्पेड अ स्पेड' या इंग्रजी वाक्प्रचारातील आद्याक्षरांवरून, म्हणजे रोखठोक बोलण्याच्या अर्थाने, ते बनले असून त्याला लॅटिन वळणाचा प्रत्यय जोडला आहे. नाण्यावर 'विरेस इन नुमेरिस' हे लॅटिन ब्रीद आढळते. त्याचा अर्थ 'संख्येत बळ' असा होतो. येथे 'संख्या' हा शब्द समुदाय आणि गणित या दोन्ही अर्थांनी घ्यावयाचा आहे.

खरेदीदार कॅल्डवेल यांना इंटरनेटवरून बिटकॉइन पाठवी आणि टपालाने त्याला नाणी मिळत. १, ५, १० आणि २५ बिटकॉइन या दर्शनी मूल्यांची नाणी निघाली. त्यांत पितळ, चांदी आणि सोन्याचा मुलामा असे प्रकार होते. १०० बिटकॉइनच्या मुलामा दिलेल्या पट्ट्या आणि १००० बिटकॉइनचे एक औंस सोन्याचे नाणेही निघाले. प्रारंभी एका बिटकॉइनची किंमत पाच डॉलरांच्या आसपास असल्यामुळे पितळी नाणे ही हौसेची, भेट देण्याची वस्तू होती. अनेकांनी ती टेबलाच्या खणात टाकून दिली, ती याच कारणाने.

रचना साधी होती. कागदाच्या एका लहान गोल चकतीवर किल्ली छापलेली असे. ही चकती नाण्याच्या पाठीवर ठेवून तिच्यावर होलोग्रामचा चिकट शिक्का बसवला जाई. शिक्का सोलला की मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी मागे उरते आणि तो पूर्ववत बसत नाही. नाण्याच्या पत्त्यातील पहिली आठ अक्षरे बाहेरून वाचता येतात, त्यामुळे शिक्का न सोलताही त्या पत्त्यावर रक्कम आहे की नाही हे खातेवहीत पाहता येते.

एवढ्या लहान चकतीवर संपूर्ण किल्ली मावणे अवघड असल्याने कॅल्डवेल यांनी 'लघुकिल्ली' वापरली. ही इंग्रजी 'एस' या अक्षराने सुरू होणारी अक्षरमाला असून पहिल्या मालिकेत ती २२ अक्षरांची, नंतर ३० अक्षरांची होती. एसएचए-२५६ या गणिती प्रक्रियेतून ती गेली की तिची मूळ २५६ बिटांची किल्ली बनते. शून्य आणि मोठा 'ओ', मोठा 'आय' आणि लहान 'एल' अशी एकमेकांसारखी दिसणारी चिन्हे तिच्यात नसतात. शिवाय तिच्यातच पडताळणीची सोय आहे: लघुकिल्लीच्या शेवटी प्रश्नचिन्ह जोडून तीच प्रक्रिया केली असता उत्तराच्या आरंभी दोन शून्ये आली पाहिजेत. एखादे अक्षर उतरवून घेताना चुकले तर बहुतेक वेळा ते येथेच उघडकीस येते.

२०११ च्या पहिल्या मालिकेतील होलोग्रामवर 'कॅसेशियस' या नावाच्या इंग्रजी वर्णलेखनातील दुसरे 'एस' हे अक्षर सुटले आहे. ही मुद्रणाची चूक पुढे दुरुस्त झाली. छपाई चुकलेल्या तिकिटांप्रमाणेच संग्राहकांनी या चुकीला डोक्यावर घेतले असून 'चुकीच्या शिक्क्याचे नाणे' अशी त्याची स्वतंत्र नोंद केली जाते.

विश्वासाचा प्रश्न

कोणत्याही मध्यस्थावर विश्वास ठेवावा लागू नये, या हेतूने बिटकॉइनची रचना झाली. भौतिक नाण्यात मात्र हा मध्यस्थ मागच्या दाराने परत येतो. किल्ली तयार करणारा, ती छापणारा आणि शिक्का बसवणारा माणूस ती पाहू शकतो. किल्ल्या इंटरनेटशी न जोडलेल्या संगणकावर तयार करून छपाईनंतर त्यांच्या नोंदी नष्ट केल्या जातात, असे कॅल्डवेल सांगत. खरेदीदाराला हे तपासण्याचा कोणताही मार्ग नव्हता. हजारो नाणी वर्षानुवर्षे न लुटता राहिली, हाच त्यांच्या सचोटीचा पुरावा मानला जातो. तो भक्कम आहे, पण त्याचे स्वरूप गणिताचे नसून अब्रूचे आहे.

दुसरा धोका शिक्क्याचा. लास वेगास येथे २०१३ साली भरलेल्या डेफकॉन या संगणक-सुरक्षा संमेलनात, इंजेक्शनच्या सुईने शिक्क्याखाली द्रावक सोडून तो फारशी खूण न राहता उचलता येतो, असे दाखवण्यात आले. त्यानंतर शिक्का अखंड दिसतो एवढ्यावर भागत नाही, हे संग्राहकांच्या ध्यानात आले.

या दोन्ही अडचणींवर कॅल्डवेल यांनीच एक उपाय सुचवला. आरन व्हॉइसीन यांच्यासह २०१२ च्या अखेरीस मांडलेला हा प्रस्ताव 'बीआयपी-३८' या क्रमांकाने ओळखला जातो. त्यात किल्ली परवलीच्या शब्दाने कुलूपबंद होते. त्याहून महत्त्वाची सोय अशी की, खरेदीदार आपला परवलीचा शब्द न सांगता त्यापासून बनवलेला एक मधला संकेत निर्मात्याला देतो, आणि निर्माता त्यावरून कुलूपबंद किल्ली व तिचा पत्ता तयार करतो. मूळ किल्ली निर्मात्यालाही कळत नाही. तात्त्विकदृष्ट्या हा प्रश्न येथे सुटला असे म्हणता येईल. परंतु असे नाणे परवलीच्या शब्दाशिवाय निरुपयोगी ठरते, आणि हातोहात देता येणे हा नाण्याचा मूळ गुणच त्यात राहत नाही. बहुतेक नाणी जुन्या पद्धतीनेच निघत राहिली ती यामुळे.

विक्रीची समाप्ती

अमेरिकेच्या अर्थखात्यातील फिनसेन या यंत्रणेने मार्च २०१३ मध्ये आभासी चलनांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच वर्षी तिने कॅल्डवेल यांना पत्र पाठवून, रक्कम भरलेली नाणी विकणे म्हणजे पैशाचे हस्तांतरण करणे होय आणि त्यासाठी नोंदणी व तत्संबंधी नियमांचे पालन आवश्यक आहे, अशी भूमिका घेतली. घरातून चालणाऱ्या उद्योगाला हा भार पेलण्यासारखा नव्हता. २७ नोव्हेंबर २०१३ पासून भरलेल्या नाण्यांची विक्री थांबली. याच सुमारास बिटकॉइनची किंमत प्रथमच हजार डॉलरांवर गेली होती. तोवर सुमारे २८ हजार नाणी व पट्ट्या निघाल्या होत्या.

अन्य निर्माते

कॅसेशियसच्या यशानंतर अनेकांनी हा मार्ग धरला. 'लेआलाना' मालिकेत लाइटकॉइन या दुसऱ्या कूटचलनाचीही नाणी निघाली. फिनलंडमधून 'डेनेरियम' आणि चीनमधून 'बीटीसीसी' यांची नाणी आली. कॅनडातील कॉइनकाइट या कंपनीने २०१६ मध्ये काढलेले 'ओपनडाइम' हे नाणे नसून यूएसबी जोडणीचे लहान साधन आहे, पण कल्पना तीच आहे. त्यातील चिप आपली किल्ली स्वतःच तयार करते आणि साधनावरील ठरलेल्या जागी टाचणीने भोक पाडेपर्यंत ती कोणालाही, निर्मात्यालासुद्धा, दाखवत नाही. होलोग्रामपेक्षा ही योजना सरस आहे. संग्राहकांना मात्र पितळेचा मोह सुटलेला नाही.

संग्रह व प्रतवारी

नाणकशास्त्राच्या दृष्टीने भौतिक बिटकॉइन हा एक चमत्कारिक प्रकार आहे. सामान्य नाणे खर्च केले तरी नाणेच राहते. येथे रक्कम काढायची तर शिक्का सोलावा लागतो आणि सोललेल्या नाण्याचे संग्रहमूल्य एकदम घसरते. आपल्याकडे जुन्या काळी सराफ रुपया पारखताना त्यावर लहानसा छाप मारीत. नाणे त्याने विद्रूप होई, पण चलनात राही. कॅसेशियस नाणे मात्र एकदाच पारखता येते.

संग्राहक नाण्यांची तीन अवस्थांत विभागणी करतात. शिक्का अखंड व पत्त्यावर रक्कम शिल्लक असलेले नाणे 'भरलेले'. शिक्का काढून रक्कम वळती केलेले 'सोललेले'. आणि मुळातच रक्कम न भरता विकलेले 'कोरे'. यांखेरीज एक अशुभ अवस्था संभवते: शिक्का अखंड, पण पत्ता रिकामा. असे आढळल्यास किल्ली कोठून तरी फुटली आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

नाण्यांचे पत्ते ज्ञात असल्याने कोणत्या मालिकेतील किती नाणी अद्याप भरलेली आहेत, याची मोजदाद खातेवहीवरून करता येते. शिवकालीन होन किती उरले आहेत याचा अभ्यासकांना अंदाजच बांधावा लागतो. येथे जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात एक नाणे सोलले गेले की सर्व संग्राहकांना ते त्याच दिवशी कळू शकते, आणि उरलेली नाणी तेवढ्याने दुर्मीळ होतात.

एएनएसीएस व पीसीजीएस यांसारख्या अमेरिकी प्रतवारी संस्था अशी नाणी तपासून पारदर्शक डबीत बंद करून देतात. ही प्रतवारी धातूच्या आणि शिक्क्याच्या स्थितीविषयी असते. किल्ली कोणी पाहिली नाही याची हमी कोणतीही संस्था देऊ शकत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये २५ बिटकॉइनचे २०११ मधील एक नाणे ग्रेटकलेक्शन्स या लिलावसंस्थेत सुमारे १७ लाख डॉलरांना विकले गेले. त्यातील बिटकॉइनच्या तेव्हाच्या बाजारभावाहून ही रक्कम बरीच अधिक होती. मोठ्या दर्शनी मूल्याच्या नाण्यांत असे अधिमूल्य प्रमाणाने कमी, तर एक बिटकॉइनच्या नाण्यांत, विशेषतः चुकीच्या शिक्क्याच्या, ते अधिक असते.

१ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइनच्या खातेवहीची एक शाखा फुटून 'बिटकॉइन कॅश' हे वेगळे चलन निर्माण झाले. त्या दिवशी ज्या पत्त्यावर बिटकॉइन होते, त्यावर तितकेच नवे चलनही जमा झाले. भरलेल्या नाण्यांच्या मालकांनाही ते मिळाले, पण मिळूनही हाती आले नाही. कारण ते काढायचे तर शिक्का सोलणे भाग होते. बऱ्याच संग्राहकांनी त्यावर पाणी सोडले.

पेपर वॉलेट

पेपर वॉलेटवर सामान्यतः दोन क्यूआर कोड असतात: एक पत्त्याचा, जो कोणालाही दाखवता येतो, आणि दुसरा गुप्त किल्लीचा, जो घडीच्या आत राहतो. जुन्या पद्धतीचा पत्ता १ या अंकाने सुरू होतो. किल्ली ५१ अक्षरांची असल्यास ५ या अंकाने आणि ५२ अक्षरांची असल्यास 'के' किंवा 'एल' या अक्षराने सुरू होते; बीआयपी-३८ नुसार कुलूपबंद असल्यास आरंभी '६पी' असते. एखाद्याच्या पश्चात जुन्या कागदपत्रांत असा मजकूर सापडला, तर एवढ्या खुणांवरून तो ओळखता येतो. अशा वेळी तो कागद कोणाला दाखवणे किंवा त्याचे छायाचित्र पाठवणे म्हणजे रक्कम देऊन टाकण्यासारखेच आहे.

तयार करण्याची प्रचलित रीत अशी होती. 'बिटअ‍ॅड्रेस' यासारखे किल्ली तयार करणारे पान संगणकावर उतरवून घ्यायचे, इंटरनेट तोडायचे आणि मग ते उघडायचे. माउस वेडावाकडा फिरवून पानाला यादृच्छिकता पुरवायची. काटेकोर लोक त्याऐवजी सहा बाजूंचा फासा ९९ वेळा टाकून आलेले आकडे भरत, कारण एवढ्या टाकांतून जवळजवळ २५६ बिटांची अनिश्चितता मिळते. त्यानंतर वॉलेट छापायचे, घडी घालून बंद करायचे आणि प्रथम अगदी लहान रक्कम जमा करून ती परत काढता येते का हे पाहायचे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळत, आणि पुष्कळांचे नुकसान तेथेच झाले.

कागदाचे शत्रू जुनेच आहेत: पाणी, वाळवी, ऊन. इंकजेटची शाई ओलाव्याने पसरते आणि उष्णतेने उमटणाऱ्या पावतीच्या कागदावरील अक्षरे काही वर्षांत पुसट होतात. त्यांच्यात छपाईयंत्राची भर पडली, कारण कार्यालयांतील काही यंत्रे छापलेल्या मजकुराची प्रत आपल्या स्मृतीत ठेवतात.

खरे संकट मात्र किल्ली जेथे जन्माला येते तेथेच असते. किल्ली पुरेशी यादृच्छिक नसेल तर ती दुसऱ्याला पुन्हा काढता येते. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइड प्रणालीतील यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या भागात दोष आढळला आणि त्यावर अवलंबून असलेली वॉलेटे असुरक्षित ठरली. मे २०१९ मध्ये मायक्रिप्टो या कंपनीच्या संशोधकांनी, 'वॉलेटजनरेटर' या लोकप्रिय संकेतस्थळावर दिली जाणारी आज्ञावली प्रसिद्ध केलेल्या मूळ आज्ञावलीहून वेगळी होती आणि ती निरनिराळ्या लोकांना त्याच त्या किल्ल्या देत असे, असे दाखवून दिले. कागद तिजोरीत आणि तिजोरी भिंतीत असली, तरी अशा किल्लीचा उपयोग शून्य.

वापरताना होणारी आणखी एक चूक येथे नोंदवणे आवश्यक आहे. बिटकॉइनच्या व्यवहारात पत्त्यावर आलेली रक्कम नोटेप्रमाणे अखंड मोडावी लागते आणि उरलेले 'सुटे' परत येतात. हे सुटे मूळ कागदी पत्त्यावरच परत येतील असे नाही. अनेक वॉलेट आज्ञावली ते आपण तयार केलेल्या नव्या पत्त्यावर ठेवतात. दहातील एक बिटकॉइन खर्च करून, बाकीचे नऊ कागदावरच आहेत अशा समजुतीने फोनवरील आज्ञावली पुसून टाकणाऱ्या माणसाचे नऊच्या नऊ जातात. यामुळे पेपर वॉलेटमधील सर्व रक्कम एकाच वेळी अन्यत्र वळवावी आणि तो पत्ता पुन्हा वापरू नये, असा सल्ला दिला जातो.

बीआयपी-३२ (२०१२) आणि बीआयपी-३९ (२०१३) या प्रस्तावांनी एका बीजापासून हवे तितके पत्ते काढण्याची आणि ते बीज १२ किंवा २४ साध्या शब्दांत लिहून ठेवण्याची सोय केली. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून येतात. २०१४ मध्ये 'ट्रेझर' हे हार्डवेअर वॉलेट बाजारात आल्यावर किल्ली संगणकाला न दाखवता व्यवहार करणे शक्य झाले. एकाच किल्लीचे पेपर वॉलेट त्यानंतर कालबाह्य मानले जाऊ लागले आणि बिटकॉइन विकीसारख्या संदर्भस्थळांनीही त्याचा वापर न करण्याची सूचना केली. कागद मात्र हद्दपार झालेला नाही. ते १२ किंवा २४ शब्द आजही बहुतेक लोक कागदावरच लिहितात. काही जण आगीच्या भीतीने पोलादी पट्टीवर कोरून घेतात.

शोभेची नाणी

ऑनलाइन बाजारात आणि भेटवस्तूंच्या दुकानांत बिटकॉइनचे चिन्ह असलेली सोनेरी नाणी अल्प किमतीत मिळतात. वृत्तपत्रांतील बिटकॉइनविषयक बातम्यांसोबत जी छायाचित्रे छापली जातात ती बहुधा याच नाण्यांची असतात. त्यांत कोणतीही किल्ली नसते आणि कोणत्याही पत्त्याशी त्यांचा संबंध नसतो. अशा नाण्याचे मूल्य धातूपुरतेच असते, आणि तो धातूही सोने नसून मुलामा असतो.